हात कुणाचा

बद्रीनाथच्या छातीवरच्या बिल्ल्यावर 'रुग्ण समुपदेशक' असं छापलेलं होतं. गावाकडच्या निम्म्या माणसांना ते वाचता येत नव्हतं आणि उरलेल्यांना वाचून कळत नव्हतं. त्याच्या बायकोनं मात्र सोपं करून ठेवलं होतं. कुणी विचारलं की म्हणायची, "आमचे ह्ये दवाखान्यात बोलायचं काम करत्यात. तिथं बोलायचा पगार हाय. घरी फुकटचं बी बोलत नायत."

त्यात खोटं काही नव्हतं. बीड बायपासच्या त्या मोठ्या दवाखान्यात बद्रीनाथचं काम बोलायचंच होतं. डॉक्टर एक वाक्य टाकून पुढच्या खाटेकडं निघून जायचे. ते वाक्य पेशंटच्या पदरात पडेपर्यंत चार अंगांनी फिरवून सांगायचं, ही त्याची रोजी.

ह्या कामावर तो आला तो टँकर घेऊन. बारा-तेराच्या दुष्काळात कन्नडकडच्या वस्तीवर काही पिकेना, तेव्हा तो शहरात टँकर चालवायला लागला. शहर वाढत चाललं होतं, पाणी आटत चाललं होतं, आणि ह्या दोन्हीच्या मधे टँकरवाल्याचं बरं चालतं. बायपासच्या दोन्ही अंगांना जिथं कालपरवा ज्वारी उभी होती तिथं सहा-सहा मजले उठले. नावं हिरवळीची आणि झऱ्यांची, नळाला मात्र थेंब नाही. दवाखान्याच्या हौदातही बद्रीनाथच पाणी टाकायचा.

एक दिवस लासूर स्टेशनचा एक म्हातारा ऑपरेशनला नाही म्हणून आवारात बसला होता. हर्नियानं आंत उतरलेली, पोरं हात जोडतायत, म्हातारा हलेना. बद्रीनाथ हातात टँकरचा पाइप धरून उभा होता. तो म्हणाला, "बाबा, ह्यो पाइप बघा. हितं कमजोर झालाय. दाब आला की फुगा येतो. आपण काय करतो? वरून रबराचा तुकडा आवळतो. डाक्तर तेच करत्यात. त्येंचा तुकडा जाळीचा आसतो, येवढाच फरक." म्हाताऱ्यानं पाइप हातात घेऊन फुग्यावर अंगठा दाबून बघितला आणि उठून आत गेला.

वरच्या गॅलरीतून डॉक्टर काकासाहेब मोकासे हे बघत होते. त्यांनी बद्रीनाथला वर बोलावलं आणि चहा पाजून म्हणाले, "पाणी टाकण्यापेक्षा हे कर की."

काकासाहेब बायकांचे सर्जन. स्वतः कन्नड तालुक्यातले, शेतकऱ्याच्या घरातले. पिशोरपासून सिल्लोडपर्यंत त्यांच्या हातगुणाचं नाव होतं. औषध तेच, सुई तीच, पण ह्या माणसाचा हात लागला की दुखणं हटतं, असं लोक धरून चालले होते. बद्रीनाथही धरून चालला होता. पेशंट कुरकुरायला लागला की तो हळूच म्हणायचा, "हात कुणाचा हाय त्ये तर बघा." तेवढ्यानं काम व्हायचं.

आणि मग दवाखान्यात यंत्र आलं. चार हातांचं, प्लास्टिकचे झगे घालून उभं. डॉक्टर पेशंटच्या अंगाशी राहिलेच नाहीत. खोलीच्या कोपऱ्यात एका पेटीपुढं बसायचं, डोकं आत घालायचं, अंगठा आणि बोट कड्यांत अडकवायचं. तिकडं पेशंटच्या पोटात पेन्सिलीएवढ्या काड्या वळायच्या. टाका घालायच्या, गाठ मारायच्या. माणसाचा हात वळणार नाही अशा बोळात ती काडी वळायची.

पेशंटची पहिली धास्ती अशी की यंत्र बिघडलं तर काय. बद्रीनाथनं ह्यावरही तोड काढली. "जेसीबी आपोआप खांदतो का? वर माणूस बसलेला आसतो. हात त्याचाच, नुस्ता मोठा झालेला. हितं डाक्तरचा हात बारीक झालाय." हे ऐकून शिपाईसुद्धा हसायचे. काकासाहेबांनी तर हे उदाहरण मोठ्या परिषदेत स्वतःचं म्हणून सांगितलं, आणि बद्रीनाथला त्याचा अभिमान वाटला.

अडचण आली ती पुढं. दवाखान्यात शिकवायचं आणि संशोधनाचं काम सुरू झालं. असल्या ऑपरेशनसाठी जिल्ह्याजिल्ह्यातल्या पेशंटला मुंबई-पुण्याला का जायला लागावं? इथलेच तरुण डॉक्टर किती लवकर तयार होतात, ते मोजायचं. शिकणारे आधी महिनोन् महिने पडद्यावरच्या खेळावर बसायचे. खोट्या काड्यांनी खोट्या कड्या उचलायच्या, खोट्या कातड्यावर टाके घालायचे. त्यात पास झाला की मग खऱ्या पेशंटवर थोडा भाग. मोठ्या पेटीला लागून दुसरी पेटी ठेवलेली. शिकणारा तिथं बसून टाके घालणार, काकासाहेब शेजारी. जरा वाकडं जातंय दिसलं की ताबा त्यांच्याकडं. हाताची प्रत्येक हालचाल यंत्र नोंदवून ठेवणार, म्हणजे पुढच्याला कुठं शिकवायचं ते कळेल.

दवाखान्याच्या समितीचा एकच नियम कडक होता. ज्या बाईच्या पोटात शिकणाऱ्याच्या काड्या जाणार, तिला ते आधी कळलं पाहिजे. कॅमेरा लावून, तिच्या भाषेत सांगायचं. ती नको म्हणाली तर काकासाहेब सगळं स्वतः करतील, तिला काही कमी पडणार नाही, हेही सांगायचं. सांगायचं कुणी, तर बद्रीनाथनं.

पहिल्यांदा त्यानं सरळ सांगितलं. सिल्लोडची एक बाई होती. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आमच्यावर शिकता व्हय?" आणि नवऱ्याला घेऊन निघून गेली. पुन्हा येईना, फोन घेईना. काकासाहेबांचा पडलेला चेहरा बद्रीनाथला सोसला नाही. टँकरवरून उचलून खुर्चीवर बसवलेला माणूस तो. पेशंट त्याच्या हातून निसटला म्हणजे खुर्चीच हलली, असं त्याला वाटलं.

त्यानंतर त्यानं एक कसब शोधलं. सगळं ऑपरेशन तो पाइपलाइन, व्हॉल्व्ह, जेसीबी लावून गोड करून सांगायचा. आणि शेवटी, बाई मान हलवायच्या लयीत आली की, छापील कागदावरचं वाक्य आहे तसं घडाघडा म्हणायचा: "प्रशिक्षणार्थी शल्यविशारद द्वितीय कन्सोलवरून प्रक्रियेच्या काही टप्प्यांत सहभागी होऊ शकतात, आपणास असहमतीचा अधिकार आहे." म्हणायचं आणि लगेच, "जेवण मातर आदल्या दिशीपास्नं बंद बरं का." बाई जेवणाचं लक्षात ठेवायची.

कॅमेऱ्यात वाक्य बिनचूक यायचं. एक अक्षर खोटं नसायचं. सगळ्या जगाचं मराठीतून मराठी करून देणाऱ्या माणसानं तेवढं एकच वाक्य तसंच ठेवलं होतं.

द्वारकाबाई आली ती पुढच्या उन्हाळ्यात. तेवीस साली पाऊस पडला नाही म्हणावा असा पडला होता आणि पिशोरजवळच्या तिच्या वस्तीवर जानेवारीतच टँकर विहिरीत ओतायला लागले होते. द्वारकाबाई बद्रीनाथची चुलत आत्या, त्याच्या बापाची चुलत बहीण. साठी उलटलेली, अंगानं वाळकी, बोलायला तिखट. लेकाच्या लग्नानंतरही घागर सोडली नव्हती. ती दवाखान्यात न येता आधी बद्रीनाथच्या घरी आली आणि त्याच्या बायकोपाशी स्वयंपाकघरात जाऊन दाराकडं पाठ करून बसली.

संध्याकाळी बायकोनं भाकरी थापता थापता, तव्याकडं बघत सांगितलं, "आत्याचं अंग येतं भाईर. लई वर्सांपासून. कापडं बांधून पाणी वाहत व्हत्या."

बद्रीनाथनं पुढचं विचारलं नाही. गर्भपिशवी खाली उतरण्याचं असलं दुखणं बाई मरेपर्यंत पोटात ठेवते, आणि ही सांगायला इथपर्यंत आली.

काकासाहेबांनी तपासलं. आतून जाळी लावून अंग वर ओढून बांधायचं, यंत्रानं उत्तम होईल, म्हणाले. कॅमेऱ्यापुढं द्वारकाबाई पदर कपाळापर्यंत ओढून बसली. बद्रीनाथनं रंगात येऊन सांगितलं. मोट, नाडा, खुंटी, सगळं आलं.

"खुंट्याला नाडा बांधत्यात आन् मोट वर, आसंच ना?" ती म्हणाली.

"तसंच, आत्या."

"मंग येवढं बडबडतो कामून?"

तो हसला आणि वाक्याकडं वळला. पण तिनं हात वर करून थांबवलं.

"मला येकच सांग, बद्री. मोकासे डाक्तरचाच हात लागंल ना? दुसऱ्या कुणाचा नको."

"त्येंचाच."

"इमानानं?"

"इमानानं, आत्या."

मग त्यानं ते वाक्य म्हटलं. तिनं मान हलवली. पुढं जेवणाचं सांगितलं.

ऑपरेशनच्या दिवशी तो उगाच थिएटरच्या दाराशी गेला. दाराला गोल काच होती. आत निळसर उजेडात द्वारकाबाई कुठंच दिसत नव्हती, नुसती कापडं आणि यंत्राचे हात. दोन्ही पेट्यांपुढं माणसं होती. दुसऱ्या पेटीत डॉक्टर मनस्विनीचं डोकं होतं. शहरातल्या समर्थनगरातली, बापजाद्यांची भिक्षुकी सोडून शिकलेल्या घरातली पोरगी. चष्मा काढून बाजूला ठेवलेला, चपला काढून पाय पेडलवर. काकासाहेब पेटीतून डोकं बाहेर काढून पडद्याकडं बघत म्हणत होते, "हळू. हं. आता गाठ. ओढू नको, बसू दे." पडद्यावर एक काडी दुसऱ्या काडीभोवती दोरा फिरवत होती, अगदी संथ, रांगोळीचा ठिपका सोडावा तशी.

बद्रीनाथला 'इमानानं' हा शब्द आठवला. तो काचेपासून दूर झाला आणि कँटीनला जाऊन बसला. समोरचा चहा निवून वर साय धरली तरी तो बसूनच होता.

ऑपरेशन चांगलं झालं. ह्यात काही गुंतागुंत नाही, सांगायला हवं म्हणून सांगतो. द्वारकाबाई लवकर हिंडायला लागली, कापडं सुटली. तिनं वस्तीवर सांगितलं आणि मग जी बाई पिढ्यान् पिढ्या हे दुखणं लपवत आली तिच्या तोंडाला वाचा फुटली. बायका बद्रीनाथला फोन करायला लागल्या. दुखण्याचं नाव घ्यायच्या नाहीत, म्हणायच्या, "द्वारकाबाईसारखंच हाय." पिशोरच्या बाजारात तो गेला की हॉटेलवाला फडकं मारून खुर्ची द्यायचा. लोक म्हणायचे, "बद्रीची जबान हाय बाबा." हे ऐकताना त्याला आधी गोड वाटायचं. मग चहा तसाच ठेवून तो पाणी मागायचा.

दिवाळीनंतर दवाखान्यात कार्यशाळा झाली. जालना, परभणी, लातूर, कुठून कुठून सर्जन आलेले. काकासाहेबांना वाटलं, ऑपरेशन झालेली एखादी बाई स्वतः आली तर बरं. बद्रीनाथनं द्वारकाबाईला आणलं. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि गार हॉलमधे पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून पहिल्या रांगेत बसली होती. बद्रीनाथ दाराजवळ उभा होता.

दुखणं कुठलं ते काकासाहेबांनी इंग्रजीत सांगून घेतलं, मराठीत 'पोटातलं जाळीचं ऑपरेशन' म्हणाले. इतका विवेक त्यांच्यात होता. पडद्यावर चित्र लागलं.

द्वारकाबाई शेजारच्या नर्सला म्हणाली, "ह्ये माझं हाय?"

"तुमचंच."

"चांगलं हाय की. मला वाटलं काळंबेरं आसंल." नर्स तोंडावर रुमाल धरून हसली.

मग काकासाहेब म्हणाले, "हे जे टाके दिसतायत, हे आमच्या डॉक्टर मनस्विनीनं घातलेत. तिची शिकण्यातली पहिलीच केस. मी शेजारी होतो." मनस्विनी उभी राहिली, सगळ्यांनी बघितलं. मागच्या रांगेतले परभणीचे एक वयस्क सर्जन उठले आणि मराठीतच म्हणाले, "काम सुरेख आहे. पण ह्या बाईंना माहीत होतं का?"

काकासाहेब हसले. त्यांना ह्या प्रश्नाची भीती नव्हती. "त्यांनाच विचारा ना. बाई, आमच्या बद्रीनाथनं तुम्हाला आधी सांगितलं होतं ना, एक शिकणारी डॉक्टर पण हात लावणार म्हणून?"

नर्सनं माइक तिच्या तोंडापुढं धरला. द्वारकाबाईनं माइककडं बघितलं नाही. ती मान वळवून दाराकडं बघायला लागली. बद्रीनाथला वाटलं, आता ही नाही म्हणणार. त्याला असंही वाटलं की म्हणावं तिनं, एकदाचं. पण बोलायचा पगार घेणारा माणूस दाराला टेकून गुमान उभा राहिला.

"व्हय," द्वारकाबाई म्हणाली. आवाज भोंग्यातून आला तशी ती स्वतःच दचकली. "सांगितलं व्हतं त्यानं. समदं."

टाळ्या झाल्या.

रिक्षा करून दोघं सेंट्रल बसस्टँडवर आली. पिशोरची गाडी लागायची होती. ती बाकड्यावर बसली, तो पुढं उभा राहिला. फुटाणेवाला बाजूला पाटी टेकवून विडी ओढत होता.

"ती चष्मेवाली पोरगी," द्वारकाबाई म्हणाली. "तिनं घातले टाके?"

"व्हय."

"समदे?"

"जाळीचे निम्मे. डाक्तर शेजारी व्हते."

"आन् तुला ठावं व्हतं."

बद्रीनाथ म्हणाला, "आत्या, म्या सांगितलं व्हतं. क्यामेऱ्यापुढं. तुमी मान हलवली."

"काय सांगितलं? म्हण बरं पुन्यांदा."

तो थांबला. तिनं हनुवटी उचलून खूण केली, म्हण. तो स्टँडवर, गाड्यांच्या धुरात, ते वाक्य म्हणाला. प्रशिक्षणार्थी शल्यविशारद, द्वितीय कन्सोल, असहमतीचा अधिकार. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते लांब होतं. फुटाणेवाल्यानं विडी काढून बघितलं आणि विचारलं, "कोर्टात हायत का?"

"ह्ये सांगणं हाय व्हय?" द्वारकाबाई म्हणाली.

बद्रीनाथनं मान खाली घातली. मग उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "तुमी हातगुणाचं इचारलं. वाटलं, ऐकलं तर तुमी परत जाताल. दुखणं तसंच ऱ्हाईल."

"हातगुण?" ती त्याच्याकडं बघत राहिली. "हातगुण तुमा गड्यांच्या गप्पा. आरं, म्या हात कामून इचारला? जल्मभर कुणाला दावलं नव्हतं. येका गड्यापुढं झाकपाक सोडली, तेच लई झालं. म्हणलं, आजून चार गडी नगं. म्हणून इचारलं." तिनं पदर सावरला. "ती तर बाईमाणूस निघाली. तेवढं बोल्ला आसता तर म्या मोकाश्याला म्हणले आसते, तू हो भाईर, हिलाच करू दी."

बद्रीनाथला बसावंसं वाटलं, पण तिच्याशेजारी बसायची हिंमत झाली नाही. इतक्या वर्षांत किती बायकांना त्यानं पाइप, मोट, जेसीबी सांगितलं. त्या कशाला भितात हे त्यानं एकीलाही विचारलं नव्हतं. ते आपल्याला ठाऊकच आहे असं तो समजून चालला होता.

गाडी लागली. द्वारकाबाई उठली. पायरीवर एक पाय ठेवून म्हणाली, "म्या ह्या वयात येवढ्या माणसांत खोटं बोल्ले, बद्री. तुझी नोकरी हाय म्हणून. पुन्यांदा बोलाया लावू नगो."

घरी बायकोनं विचारलं, आत्या खूश झाल्या का. तो म्हणाला, झाल्या. हे त्या दिवसातलं दुसरं खोटं. त्या आठवड्यात त्यानं आणखी बायकांना समजावून सांगितलं, आणि वाक्य तोंडाशी आलं की जीभ जड व्हायची. तरी तो ते तसंच म्हणायचा. लाज वाटणं निराळं आणि सवय मोडणं निराळं. माणूस लाजत लाजतही तेच करत राहतो, हे त्याला स्वतःवरून कळलं.

ते थांबलं ते द्वारकाबाई पुन्हा आली तेव्हा. बरोबर वस्तीवरची गोजरबाई. तेच दुखणं. द्वारकाबाई कुणाला न विचारता समजावायच्या खोलीत शिरली आणि बद्रीनाथच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

"आत्या, नातेवाइकांनी भाईर—"

"म्या नातेवाईक नाय. म्या ऐकाया आले."

कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. बद्रीनाथनं मोट सांगितली, नाडा सांगितला, पण त्यात रंग भरेना. वाक्याशी आला. द्वारकाबाई त्याच्याकडं बघत नव्हती. ती गोजरबाईच्या तोंडाकडं बघत होती.

तो म्हणाला, "आन् येक. आमच्याकडं येक डाक्तरीणबाई हाय. शिकती हाय. तुझ्या पोटातले थोडे टाके ती घालणार. मोठे डाक्तर शेजारी बसत्यात. गाडी शिकवायच्या मोटारीला कशे दोन ब्रेक आसत्यात, तसं हाय. वाकडं दिसलं की त्ये ताबा घेत्यात. तुझ्यावरनं तिचं शिकणं व्हनार, आन् ते मशीन लिहून ठेवणार. तू नगं म्हणलीस तर मोठे डाक्तर समदं सोता करत्याल. काय कमी पडनार नाय. नगं म्हणायचा तुला हक हाय."

गोजरबाईनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "शिकाया म्याच घावले का?"

"नगं म्हण की मंग," बद्रीनाथ म्हणाला. "मोठे डाक्तर करत्याल."

"आज म्हणतो मोठे करत्याल. गुंगी दिल्यावर म्या कुठं बघाया जाते?" ती उठली, पिशवी काखेत मारली आणि निघून गेली.

तो प्रश्न बरोबर होता आणि तो बद्रीनाथलाच विचारलेला होता.

त्यानं द्वारकाबाईकडं बघितलं. वाटलं, ही तिला मागं बोलावेल. ती म्हणाली, "जाऊ दी. तिचं पोट हाय."

काकासाहेब शिकायच्या खोलीत होते. मनस्विनी पडद्यावरच्या खेळावर बसून कड्या उचलत होती. "गेली?" ते म्हणाले. "असं कसं? काय सांगितलंस तिला?"

"समदं सांगितलं, सर."

"नेहमी सांगतोस तसंच ना?"

"नाय, सर."

काकासाहेब वळले. बद्रीनाथनं मग नेहमी कसं सांगतो ते म्हणून दाखवलं. तेच वाक्य, तीच घाई, मागून जेवणाचं. आता ते पाठ असणं त्याला नको झालं होतं, पण पाठ होतंच. संपल्यावर म्हणाला, "आत्या त्या दिवशी माझ्यापायी व्हय म्हणल्या. त्येंना काय बी ठावं नव्हतं."

पडद्यावरची कडी मधेच थांबली. मनस्विनीनं बोटं बाहेर काढली आणि हात मांडीवर ठेवले. "म्हणजे मी ज्यांच्या ज्यांच्या पोटात—" ती म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. बद्रीनाथला तिच्याकडं बघवेना. त्याची लाज त्यानं ह्या पोरीच्याही अंगावर टाकली होती, न विचारता.

काकासाहेब खिडकीशी गेले. खाली टँकर हौदात पाणी सोडत होता. "मी एकदा तुझं रेकॉर्डिंग ऐकलं होतं," ते म्हणाले. "हे वाक्य खटकलं मला. हे बद्रीनाथचं मराठी नाही, असं वाटलं. पण बायका येत होत्या. पुढं गेलो."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

शिकवणं थांबलं. समितीपुढं काकासाहेब स्वतः गेले. ठरलं ते असं की जिला जिला ते वाक्य ऐकवलं, तिच्या घरी जाऊन तिला कळेल असं पुन्हा सांगायचं. तिची तक्रार असेल तर ती घ्यायची. तिच्या ऑपरेशनची नोंद संशोधनात ठेवायची की काढायची, हे ती ठरवेल. आणि सांगायचं त्यानंच, ज्यानं आधी सांगितलं होतं. मनस्विनी म्हणाली, मीही जाणार.

निघायच्या दिवशी बायकोनं डबा दिला आणि ह्या खेपेला तव्याकडं न बघता त्याच्याकडं बघून म्हणाली, "आधी ऐका त्येंचं. मंग बोला."

पहिलं घर सिल्लोडच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. एव्हाना उन्हाळा लागलेला, ऊन तापलेलं, अंगणात रिकामे ड्रम ओळीनं लावलेले. ऑपरेशन होऊन बऱ्या झालेल्या बाईनं बद्रीनाथला ओळखलं, आनंदली, आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं. ते पाणी कुठून येतं आणि किती दिवस पुरवायचं असतं हे टँकर चालवलेल्या माणसाला सांगायला नको. मनस्विनीनं तांब्या घेतला, थोडं पिऊन त्याच्याकडं दिला. त्यानं तो हातात तसाच धरला.

"घ्या की, भाऊ," बाई म्हणाली. "आमच्या डाक्तरचा हात कसा हाय?"

"वैनी, हाताचंच सांगाया आलो," तो म्हणाला. "तव्हा तुमाला येक गोष्ट सांगायची राहिली." मग त्यानं तांब्या खाली ठेवला. "राहिली नाय. म्या सांगितली नाय."

बाईचं हसू हळूहळू गेलं. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि उंबऱ्यावर टेकली. "सांगा," ती म्हणाली.